सपाट बुडाचं

घरमालकाने किल्ली देताना एकच सांगितलं,
"भिया, गैस नहीं चलेगी."
मग इंडक्शन आणलं. काळी काच, चार बटणं.
खरगोनहून बरोबर घेतलेलं पातेलं वर ठेवलं
तर नुसतं पीं पीं करत राहिलं,
जसं काही ठेवलेलंच नाही.

ॲल्युमिनियम.
पस्तीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले,
मला कळायला हवं होतं.

शरयू दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर.
फोनवर म्हणाली,
"बर्तन बाजारात जा. आधी बूड बघा.
फरशीवर ठेवून बघा, डुगडुगलं तर राहू द्या.
आणि फार लहान घेऊ नका,
एका माणसाचं भांडं ते ओळखत नाही म्हणे."

डॉक्टरांनी पेज सांगितली होती.
आम्ही पेजेपुरतंच बोलत होतो.

दुकानात खिशातून चुंबक काढलं.
सनावदच्या एका गिरणीत
मीटरला चिकटवलेलं सापडलं होतं ते.
पंचनाम्यात लिहिलं, जमा करायचं राहिलं.
आता त्या चोरट्या चुंबकाने
मी भांड्यांचा खरेपणा पारखत होतो.

पितळेवर नाही. तांब्याच्या तळावर नाही.
आरशासारखी लखलखीत स्टीलची कढई,
दुकानदार म्हणाला एक नंबर माल,
चुंबक तिच्यावरून
स्थळ न पटलेल्या मामासारखं उठून आलं.
बिडाच्या तव्याला मात्र असं बिलगलं
की दोन हातांनी ओढावं लागलं.
पण तव्यात पेज होत नाही.

शेवटी खालच्या फळीवर, धुळीत,
जाड बुडाचं एक पातेलं, दोन माणसांचं.
टक्क.
पोऱ्याने वर बघितलं. "नाम डालूँ?"

घरच्या भांड्यांवरची नावं
तिच्या माहेरची, माझ्या आईची,
कुणाच्या मुंजीतली, कुणाच्या वास्तुशांतीची.
मी स्वतः घेतलेलं हे पहिलंच.
राहू दे, म्हटलं. किती दिवसांचं काम आहे.

डबा घ्यायचा विसरलो होतो,
म्हणून पातेलंच टॉवेलात गुंडाळून नेलं.
चार चमचे घेतले तिने. मीठ कमी, म्हणाली.
मग बाहेरून फिरवून फिरवून बघितलं.
"नाव नाही?"
"कशाला, आता आपण..."
"उद्या घालून आणा.
बिननावाचं भांडं शेजारी गेलं
की परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी पोऱ्याने यंत्र सुरू केलं,
ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उठली:
पिंपलखरे.
इंदूरात आमचा ळ असाच हरवतो,
केसपेपरवर, औषधांच्या बिलावर,
तिच्या मनगटावरच्या पट्टीवरसुद्धा.

मी काही बोललो नाही. तिनेच पाहिलं.
उशीला टेकून उठून बसली,
मंगळवारनंतर पहिल्यांदा.
गाऊनची सेफ्टी पिन काढली
आणि खालचा ओठ दातांत धरून
ल ला दुसरं वळण देत बसली.

पिन वाकली. ळ अजून अर्धाच आहे.
"उद्या खिळा आणा," म्हणाली,
"टोकदार बघून."