तिसरा हात

रात्री साडेअकरानंतर व्होल्टेज धड येतं
आणि जिनिंगही थांबलेलं असतं.
दिवसभर इथल्या हवेत कापूस असतो.
आपल्याला दिसत नाही,
ओल्या क्लिअरला बरोबर दिसतो.
येऊन बसतो एकच तंतू,
तोही नेमका समोरच्या पाटीवर:
वरूड – बेनोडा, मुक्कामी.

म्हणून आधी फरशीवर चार तांबे पाणी,
पंखा बंद, सदरा खुंटीला,
घाम टपकू नये म्हणून कपाळाला दुपट्टा.

कॉम्प्रेसर रज्जाकभाईच्या पंक्चरच्या दुकानातला.
देताना म्हणाला,
"ट्रकच्या चाकात हवा भरली यानं जनमभर,
आता खेळन्यावर फुका मारन म्हना."
शंभराची सवय त्याला.
मी वीसवर आणतो, तेव्हा तो थरथरतो.

बस वीतभर. बहात्तर पट लहान.
खिडक्या डेपोत जाऊन मोजल्या,
मागच्या बंपरचा पोचासुद्धा काढला.
खासबागे ड्रायव्हर एकतीसला रिटायर होतात,
वर्गणी अलका नेवारे कंडक्टरनं जमवली,
सुट्ट्या पैशांत, अर्थातच.

पहिला हात नुसता धुक्याचा.
दुसरा जरा ओला.
तिसरा असा, की ट्यूबलाइट त्यात सरळ पडावी,
कुठंही न मोडता.
बटण दाबण्याआधी हात निघालेला हवा
आणि सोडल्यावरही पुढे जात राहिलेला.
थांबलात की ओघळ.
लांबून मारलंत तर मार्चची हवा
थेंबाला वाटेतच वाळवते
आणि अंगावर उठते संत्र्याची साल.

रंगारी तिला हेच म्हणतात.
मृग बहाराची तोड करून आलेला सुधाकर
हे ऐकून हसत सुटला:
"साल चांगली असन तं भाव भेटते बे,
तू घासून कायले काढतं?"

क्लिअरला स्वतःचा रंग नाही.
लाल तोच, फक्त खोल होतो,
जणू खाली आणखी एक बस आहे.

मारणं सात मिनिटांचं. धुणं पाऊण तासाचं.
कपात थिनर, तोंडाला चिंधी, बटण मागे,
कप गुडगुडतो.
पांढरट पाणी, मग कमी पांढरट,
मग पाण्यासारखं पाणी; तरी आणखी एकदा.
सुई मागून ओढायची,
मागून टोकाकडे पुसायची,
टोकाकडून मागे कधीच नाही.
एकदा वाकली की जन्मभर थुंकते.

नोजल तिळाएवढं. कुंकवाच्या डबीत ठेवतो.
मागच्या होळीला सांडलं
तेव्हा आईच्या पीठचाळणीतून अख्खी ओसरी चाळली.
सापडलं.
पण दोन दिवस पोळ्यांना थिनरचा वास,
आणि आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

मळका थिनर मोरीत ओतत नाही,
कोंबड्या तिथं पितात.
बाटलीत ठेवतो. आठ दिवसांनी
गाळ तळाशी जातो,
वरचं पुन्हा धुवायला चालतं.

दोन वाजले. सगळं पुसून मांडलेलं.
हात साबणानं दोनदा धुतले, नखांसकट.
बसवर लाडवांचा रिकामा डबा पालथा.
उचलून पाहू नये, हे मी स्वतःच
किती पोरांना सांगितलंय.
उचलला.
वास येत नव्हता, म्हणजे वाळलं असेल.
टपाला धरून जरा उजेडाकडे केली.

टपावर, कॅरियरच्या मागे, अंगठा.
रेषा न् रेषा उमटलेली,
रजिस्ट्री ऑफिसात उठवावा तसा.
अख्ख्या कामावर माझी एवढीच सही.

पाण्यानं भिजलेली फरशी आता वाळली होती.
बसून राहिलो. बाहेर कोणाच्या तरी
बोअरचा पंप सुरू झाला.

उद्या दोन हजारचा पेपर, पाणी,
मग चौथा हात.
सुई धुतलेली आहे, एवढं बरं.