धुवायची राहिलेली परीक्षानळी

साडेपाचला निकाल येणार होता
म्हणून आज प्रॅक्टिकल सोडून कुणी गेलं नाही.
एरवी साडेचारलाच यांच्या बॅगा खांद्यावर,
जणू कुडचड्याहून नंतर एकही बस सुटत नाही.
आज चौघं उभी,
तीच परीक्षानळी तिसऱ्यांदा तापवत.

मी कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा.
सव्वीस वर्षं ब्युरेट धुतोय.
कोण थेंब मोजतो
आणि कोण आधी उत्तर लिहून मग थेंब सोडतो
हे मला सरांच्या आधी कळतं.

ते विज्ञानाचं विद्यापीठ घाटापलीकडे कुठंतरी आहे.
शेकड्यातून एखादा घेतात म्हणे.
मार्चमध्ये मोठी यादी लागते,
ही डिसेंबरातली आधीची,
ज्यांना थांबवत नाही त्यांच्यासाठी.

प्रयोगशाळेत फोन चालत नाही.
मी म्हटलं, तराजूच्या काचपेटीत ठेवा.
वाऱ्यानं वजन बदलू नये म्हणून जिला दार आहे
तिच्यात चार फोन पालथे पडले,
आणि साडेपाचला
पहिला थरथरला तेव्हा
दोन्ही पारडी हलली.

ग्लेनिस बार्रेटोनं वाचलं, एप्रन काढला,
घडी घातली. उलगडून पुन्हा घातली.
म्हणाली, ना.
कोंकणीतला हा शब्द किती लहान,
श्वास पुरा व्हायच्या आत संपतो.

सोयरू वेळीपनं वाचलं
आणि स्वच्छ असलेला ब्युरेट तीनदा धुतला.
त्याच्या बापाचा खनिजाचा ट्रक
दोन पावसाळे दारात उभा आहे,
चाकांभोवती गवत.
बऱ्याच वेळानं मला विचारलं,
हॉस्टेलचे पैसे एकदम भरावे लागतात काय?
तेव्हा समजलं, ह्याला घेतलं.

उर्वीचं उत्तर सगळ्यांत लांब होतं.
तिनं मोठ्यानं वाचलं, मग मनात, मग पुन्हा मोठ्यानं.
नाही असं नाही.
हो असंही नाही.
तुमच्या अर्जाचा विचार मार्चमध्ये परत होईल.
दादा, तिनं मला विचारलं, याला रडायचं असतं?
मी आम्लाच्या बाटलीचं बूच घट्ट करत राहिलो.
ते आधीच घट्ट होतं.

यतीन प्रभुदेसायनं फोन उघडलाच नाही.
फातर्प्याच्या जत्रेहून आल्यावर बघतो, म्हणाला,
आणि खिशात घातला,
तापलेली चिमणी धरावी तसा,
दोन बोटांनी.

तेवढ्यात खिडकीखाली पोदेराचा भोंपू.
ग्लेनिसच धावत खाली गेली,
आठ उंडे घेऊन आली.
आत खायला मनाई, म्हणून व्हरांड्यात.
भाजी नाही, चहा नाही, कोरडेच.
पहिला उंडा मोडून तिनं अर्धा सोयरूच्या हातात दिला,
त्याच्याकडे न बघता.
तोही तिच्याकडे न बघता खात राहिला.
अभिनंदन वगैरे कुणी म्हणालं नाही.
कुणीतरी विचारलं, उद्या गणिताची टेस्ट आहे ना?
आणि चौघंही हसली,
फार हसली,
विनोद काही नव्हता.

ती गेल्यावर मी भांडी धुवायला घेतली.
चंचुपात्रं, नळ्या, काचकांड्या.
स्टँडवर उर्वीची एक नळी, गळ्यात कागद:
साका बसायचा आहे. धुवू नये.
अक्षर नेहमीसारखं टापटीप.
आत गढूळ, दुधासारखं काही.

सोमवारी यतीननं खाज्यांची पुडी आणली,
सगळ्यांना वाटली.
कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही.
मी दोन घेतली.

नळी उजेडाकडे धरून पाहिली:
तळाशी पांढरं काही बसलंय
की काचेचाच जुना डाग,
सांगता येईना.
परत स्टँडवर ठेवली.
कागद सुटत होता,
तो तेवढा दोऱ्यानं बांधला.