माइकवाला

परळच्या नरे पार्कात चाळीस वर्षं माइक लावतोय मी.
कुणाच्या घशाला किती ट्रेबल लागतो
हे त्यांच्या बायकांपेक्षा मला जास्त ठाऊक.

परवाचे साहेब खुणेनं म्हणाले, अजून वाढव.
वाढवला.
मागच्या खुर्च्या उठून चहाकडे गेल्या.

एकदा, फार पूर्वी, तोरसकरबाई बोलायला उभ्या होत्या.
समोर रिकामे हंडे घेऊन आलेल्या बायका.
फ्यूज उडाला.
मी अंधारात वायरी चाचपतोय
आणि बाई साध्याच आवाजात म्हणतायत,
"पाण्याचं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.
माझं चुकलं."

मागची माणसं पुढे सरकली.
कुणीतरी रडत्या पोराच्या तोंडावर हात ठेवला.

फ्यूजची तार खिशातच सापडली होती मला.
लावली नाही लगेच.