मान खाली

आधी चिलटं आली.
मशीनवरच्या पांढऱ्या कापडावर
मी ती हाताने हाकलत राहिले,
डंडीत, फेब्रुवारीत, जिथे चिलटं नसतातच.
मग उजव्या डोळ्याच्या कडेला वीज,
आवाज नसलेली.
गुरुवारी नाकाच्या बाजूने करडं काहीतरी
सरकत सरकत आलं,
कुणी वेळेआधीच दुकानाचं शटर ओढावं तसं.

डॉक्टर ओलुफेमी म्हणाले, दृष्टिपटल सुटलंय,
ओल्या भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसं.
मी म्हटलं, म्हणजे अस्तर.
ते थांबले. म्हणाले, हो, अस्तर.
मग मला भीती जरा कमी वाटली.
अस्तराचं काय करायचं ते मला ठाऊक आहे:
पालथं घालायचं, दाबून ठेवायचं,
घाई करायची नाही.

डोळ्यात त्यांनी वायूचा बुडबुडा सोडला,
मनगटाला पिवळा पट्टा बांधला, विमानात बसायचं नाही,
आणि सांगितलं, दहा दिवस मान खाली.
तासातली पन्नास मिनिटं.
मला हसूच आलं.
जयसिंगपूरला आत्या हेच सांगायची,
पोरीच्या जातीनं मान खाली घालून चालावं.
एवढा समुद्र ओलांडून आले,
बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसले,
आणि छप्पन्नाव्या वर्षी
आत्याचं म्हणणं ऐकलं, तेही सरकारी खर्चाने.

दहा दिवस नुसती जमीन.
गालिच्यात एक टाचणी, कधीची कोण जाणे.
रेडिएटरखाली केतकीच्या फ्रॉकचा निळा मणी.
चहा स्ट्रॉने. तोंडं नाहीत कुणाची, पावलं.
शेजारच्या मोइराचे तपकिरी बूट,
"छान दिसतेयस हं" म्हणताना
तिची डावी टाच उचलली गेली.
केतकी ग्लासगोहून आली, एका पायात एक मोजा,
दुसऱ्यात दुसराच.
काही बोलली नाही. गालिच्यावर उताणी झाली
आणि गाडीखाली मेकॅनिक शिरतो तशी
माझ्या चेहऱ्याखाली सरकली.
डाव्या डोळ्याने पाहिलं:
भुवईत कांजिण्यांचा व्रण.
माझं एक टिपूस तिच्या कपाळावर पडलं,
ती म्हणाली, औषध आहे ना गं ते?
मी म्हटलं, हो.

आणि शिरीष.
एकतीस वर्षं याच्या शर्टांची बटणं लावली,
कॉलरी उलटवल्या, पोट सुटेल तशा पँटी सैल केल्या.
पाय काही बघितले नव्हते.
उजवा तो आधी टेकवतो, डावा मागून आणतो,
म्हाताऱ्या पाहुण्याला हाताला धरून आणावं तसा.
"हे कधीपासून?"
"काय?"
"गुडघा."
पावलं थांबली.
"झाली असतील दोनेक वर्षं."
दोन वर्षं.
माझे दोन्ही डोळे धड होते तेव्हा.

मार्चमध्ये मान वर केली.
बुडबुड्याची कड डोळ्यात डुचमळायची,
गवंड्याच्या पाणसळीसारखी,
रोज थोडी खाली उतरायची
आणि तिच्यावर जग मोकळं व्हायचं:
नुसतं आभाळ, मग धुराडी, पलीकडचे डोंगर,
मग टे नदी, मग तिच्यावरचा पूल,
मधेच जरासा वाकलेला.
पूल वाकलेला नाही, मी विचारून घेतलं.
माझं अस्तर चुणीसकट बसलंय.
असू दे. गिऱ्हाइकाला मी असं कधी दिलं नसतं,
पण हे माझं मलाच घालायचंय.

एका शुक्रवारी बुडबुडा मोहरीएवढा उरला.
शनिवारी नव्हता.
पट्टा मी माझ्याच कात्रीने कापला.

दुकानात पहिल्या दिवशी
काळं रीळ आणि गडद निळं रीळ घेऊन
खिडकीशी गेले. बाहेर समुद्राकडून आलेलं धुकं.
निळं निळं होईपर्यंत उभी राहिले.
काउंटरशी कुणीतरी खोकलं, दोनदा.

आज शिरीषची गुडघ्याच्या डॉक्टरकडे वेळ आहे.
चढ आहे. तो पुढे,
मी मुद्दाम चार पावलं मागे, मान खाली,
त्याची टाच कशी पडते ते बघत.
समोरून येणाऱ्यांना वाटत असेल,
बाई जुन्या वळणाची दिसते.