तीन वाजून दहा

माझं नाव विओलांत. वय चोवीस,
गेली सहा वर्षं चोवीसच.
लिस्बनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी.
ज्यांनी मला घडवलं त्यांनी केसांवर फार मेहनत घेतली,
वाऱ्यावर एकेक बट सुटी होते.
पाठीला मात्र कधी रग लागत नाही.
त्यांच्यात रात्रपाळी केलेली बाई कुणी नसणार.

एप्रिल आहे. इथे नेहमी एप्रिलच असतो.
शहराच्या तोंडाशी चिलखती गाड्यांची रांग
लाल सिग्नलला थांबलीय.
सरकार उलथायला निघालेली माणसं
सिग्नल मोडत नाहीत, याचं मला हसू येतं
आणि जीवही जडतो.
दुसऱ्या गाडीत एर्मेलिंदू.
त्यानं एकदा नदीकाठी भाजलेले सार्डिन खाऊ घातले,
काटे स्वतः काढून.
प्रेम म्हणून मला एवढंच लिहून दिलंय,
चाळीस सेकंद.
त्यावर मी भागवते.

आणि गुप्त पोलिसांच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझा भाऊ कुश्तोदियु.
आई गेल्यावर माझ्या वेण्या तो घालायचा, वाकड्या.
शाळेत पोरी हसल्या, तर डबा खायच्या सुट्टीत येऊन
सोडून पुन्हा घातल्या.
त्याच बोटांनी आता माणसांची नावं अकारविल्हे लावतो.
त्याच कपाटात कुठेतरी एर्मेलिंदूही असेल.

तीन वाजून दहा मिनिटांनी बोर्डावर दिवा लागतो.
कचेरीतून हुकूम : छावणी जोडून द्या.
पडद्यावर दोन चिन्हं उगवतात.
गोल दाबला तर मी तार जोडते,
आणि काटे काढणारा हात
पुलापाशी गाडीबाहेर लोंबकळतो.
त्रिकोण दाबला तर तार उपसते,
आणि सकाळी जमाव जिना चढतो, आणि भाऊ
खिडकीतून
(तिथे कॅमेरा कबुतरांकडे वळवलाय).
इकडे गोल, तिकडे त्रिकोण,
खाली आकडे : दहा, नऊ.

मला कोण विचारणार?
मन अंगठ्याला असतं, माझ्याकडे नुसता चेहरा.
बर्गनचा एक मुलगा जांभई देतच दाबतो.
एकानं दोन्ही शेवट एका दुपारीत उरकले,
मधे उठून कुत्र्याला फिरवून आणलं.

पण सेतूबालला एक देल्फिना आहे.
बहात्तरीची. मासे डब्यांत भरायच्या कारखान्यात
बोटांचे सांधे देऊन आलेली.
भाचा कामासाठी लक्झेंबर्गला गेला, यंत्र हिच्याकडे ठेवून.
पहिल्यांदा आकडे सुरू झाले तेव्हा
तिनं कंट्रोलर मांडीवर पालथा घातला,
म्हणाली, "थांब गं पोरी."
शून्याला खेळ स्वतःच गोल दाबतो.
हेही कुणीतरी ठरवलेलंच :
बाई गप्प बसली की सरकार जिंकतं.
तिनं तो हात पाहिला, उठून खोलीतला दिवा लावला.

तेव्हापासून मला कामावर जाऊच देत नाही.
रोज आदल्या संध्याकाळपासून सुरू करते,
उतारावरून ट्रामच्या रुळांच्या कडेनं नेते.
फुलवालीला एकच वाक्य आहे, "आज कार्नेशन फार आलीत."
देल्फिना ते वीस वेळा ऐकते.
भावाच्या घराखाली उभी करते मला.
वर उजेड आहे. दार आहे, पण नुसतं रंगवलेलं.
मग नदीकाठचं बाक.
बसायचं बटण तिला सापडलंय,
खेळ करणाऱ्यांनाही आठवत नसेल.

एकदा म्हणाली, "मलाही आला होता तो फोन."
पुढे काय जोडलं, काय उपसलं, काही नाही.
नुसतं अंगठा चोळणं.
मी विचारलं असतं. पण मला वाक्यं चौदाच,
त्यांत प्रश्न एकच :
"कोण बोलतंय?"

आम्ही बसून आहोत.
तिकडे सिग्नल अजून लाल.
अख्खी क्रांती खोळंबलीय एका म्हातारीपायी.
एर्मेलिंदूला तहान लागली असेल.