आखूड नळी

चांदसाब शिकलगारानं आधी बंदूक दाखवलीच नाही.
म्हणाला, हात दाव.
लिंबाजीमामानं उजवा हात पुढं केला,
गाडीच्या जुवाखाली एकदा दबलेला,
खांद्याच्या वर न जाणारा.
कोपराच्या वळणापासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत
चांदसाबनं काळा दोरा धरला,
गाठ मारली, दातांनी तोडला.

उदगीरची ती गल्ली, किल्ल्याकडून येणारी झळ,
सहाणेवर ओल्या लोखंडाचा वास,
आणि मी अकरा वर्षांचा.

"ही लांब. बगळ्याची मान. माळावर चालंल,
पर तुमच्याकडं बोरी-हिवराची जाळी.
वळायला जाशील, नळी अडकंल फांदीत
अन् हरीण पोचंल बिदरला."
दुसरीवर चांदीची नक्षी होती.
"ही फोटू काढायला."
तिसरी आखूड,
रिसाल्यातल्या कुण्या स्वाराची, घोड्यावरून चालवायची.
लाकडावर खोगिराचा घासलेला व्रण.
मामानं ती उचलून खांद्याला लावली
आणि दुखऱ्या हातानं तक्रार केली नाही.

"पर ऐक," चांदसाब म्हणाला,
"आखूड नळीचं तोंड फाटकं असतंय.
बाजारचं काडतूस घालशील तर अर्धी दारू भाईर जळंल,
हातभर जाळ, अन् कानात आठ दिवस रातकिडे.
हिची भूक येगळी. हिचं जेवण घरी रांधायचं.
अन् साठ पावलांच्या पुढं चाप वढायचा न्हाई.
कबूल असंल तर पैसे काढ."

मग रात्री सुरू झाल्या.
पांचाळ सोनाराची उसनी तागडी, लाल गुंजा,
कंदील पार ओसरीच्या टोकाला,
त्यामुळं मामा अंधारात डोळे बारीक करून दारू तोलायचा.
एक गुंज कमी. पुन्हा अर्धी वाढव.
राहीमामी आतून म्हणायची,
"माझ्या कालवणात मीठ कमी पडलं तर एवढा जीव जात न्हाई कुणाचा."
सकाळी वाळल्या बाभळीच्या खोडावर नेम,
आणि वहीच्या मागच्या पानावर बोरूनं:
पयलं, वर गेलं.
दुसरं, डावीकडं. बहुतेक मीच हाललो.
पाचवं, बरं.
सातवं, ह्येच.
सातव्यासारखी चौदा भरली.

मार्गशीर्षात हरभऱ्याला घाटे धरले.
दहिवर इतकं की पायजमा मांडीला चिकटलेला.
साठ पावलं म्हणजे किती जवळ
हे तोवर मला माहीत नव्हतं.
साठ पावलांवरून कान दिसतो, त्यातली शीर दिसते,
जबडा एका बाजूला फिरताना दिसतो.
मामानं श्वास सोडला, अर्धा.
आवाज आला तो नेहमीसारखा, ओळखीचा.
हरीण जागच्या जागी बसलं,
कुणी बस म्हटल्यासारखं.
आम्ही जवळ गेलो तेव्हा
तोंडात घाटा तसाच होता, न चावलेला.

रात्री मामीनं वाटण वाटलं.
मी दोनदा वाढून घेतलं.
खोटं कशाला सांगू.

पुढं कायदा आला. बंदूक ठाण्यात जमा,
तिची पावती, पावतीला वाळवी.
उरलेली काडतुसं मामानं एकेक करून उकलली,
दारू उकिरड्यावर पसरली, लांबून काडी टाकली.
फुस्स झालं.
एवढ्या तोललेल्या रात्री,
आणि कोंबडी सुद्धा उडाली नाही.

आता तुरीत हरणं दिवसाढवळ्या येतात.
मी पत्र्याचा डबा वाजवतो,
ती मान वर करून बघतात, पुन्हा खाली घालतात.
साठ काय, तीस पावलं असतील.

त्या डब्यात परवा तो दोरा सापडला.
मामा जाऊन बावीस वर्षं झाली.
दोऱ्याचं टोक मी माझ्या कोपराच्या वळणाला धरलं,
ताणला.
गाठ बोटाच्या पेरापर्यंत पोचलीच नाही,
तळहाताच्या मध्यातच संपली.

केवढा उंच वाटायचा मला तो.