मधल्या वेळचं पाणी

मे महिन्यात नागपुरात दोनच धंदे जोरात,
एक माझा, एक डॉक्टरचा.
तेवीस वर्षं हे सांगून गिऱ्हाइकांना हसवलं.

महालात, चौथ्या माळ्यावर, दुपारी दोनला,
पाठीवर लोखंडी कूलर,
मुस्तकीमच्या डोक्यावर वाळ्याच्या ताट्या,
आणि जबडा दुखायला लागला.
छाती नाही. जबडा. मग डाव्या हाताची करंगळी.
आधी वाटलं दाढ असेल. मग वाटलं गॅस.
सोडा प्यालो, वरून अर्धा खर्रा टाकला.
मुस्तकीम म्हणे, "चाचा, शर्ट पिळला तुमचा तर बादली भरेल."
उन्हाळाच आहे ना बाप्पा, म्हणालो,
आणि जिन्यात बसलो
तो बसलोच.

मनगटातून आत शिरले.
मी जागाच होतो. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर
एक झाड थरथरत होतं, उलटं,
आणि त्याची एक फांदी मधेच
कुणी पुसून टाकल्यासारखी.
"हे तुम्ही," डॉक्टर भुयार म्हणाल्या.
वयानं माझ्या लेकीहून लहान असतील.
तार गेली. तारेवरून फुगा गेला.
तो फुगला तेव्हा तोच जबडा, तीच करंगळी,
दुखणं ओळखीचं निघालं.
मग एक जाळीची नळी,
बॉलपेनातल्या स्प्रिंगहून बारीक,
तिथंच उघडून ठेवून दिली. कायमची.
पुसलेली फांदी पुन्हा उमटली.

दुसऱ्या दिवशी केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
"पंप समजा."
मला हसू आलं. पंपाचं मला सांगता?
बोअरचं जड पाणी, नळीत पांढरी खपली,
ताटीचा एक कोपरा कोरडा,
की गिऱ्हाइकाचा फोन, हवा गरम येते म्हणून.
"तसंच," त्या म्हणाल्या, "फक्त ही खपली
भिंतीच्या अस्तराखाली धरते.
एक दिवस अस्तर फाटतं, रक्त तिथं गोठतं."

पण मॅडम, माझा पंप पाण्यातच बुडालेला असतो.
त्याला तहान कशी लागेल?

त्यांनी पेन खाली ठेवला.
"रक्तानं भरलेलं असलं तरी
हृदय त्यातलं पीत नाही म्हणा ना.
आधी बाहेर लोटतं. मग दाराशीच
दोन बारीक फाटे फुटून त्याच्याकडे परत येतात.
तेही आवळलेलं असताना त्याचं त्यालाच पुरतं मिळत नाही.
सगळ्यांना वाढून झालं, सैल पडलं,
की मधल्या उसंतीत पितं.
तुम्ही धावाधाव केली
की आधी ती उसंतच आटते."

वाढून झालं, असं त्या म्हणाल्या
तेव्हा पंचफुला खाटेच्या पायथ्याशी मोसंबी सोलत होती.
फोडी मला दिल्या, मुस्तकीमला दिल्या,
शेजारच्या खाटेवरच्या बुढ्याला दिल्या.
आणि भिंतीकडे तोंड करून
सालीला चिकटलेलं चोखत होती.

आता खर्रा बंद. माळे मुस्तकीमकडे.
दोन ते चार शटर अर्धं खाली.
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या,
वर्षभर एक दिवस चुकवायच्या नाहीत.
मीठ कमी, त्यावरून घरात रोज भांडण.

रात्री ताटावर बसतो आणि जेवत नाही.
"सुरू करा ना जी, वरण निवते," ती आतून ओरडते.
निवू दे.
एक बोट मनगटावर ठेवतो,
जिथून ते शिरले होते तिथंच.
ठोका.
थोडी जागा.
ठोका.
आतली भांडी वाजायची थांबत नाहीत.
मी दुसरा पाट मांडतो
आणि वाट पाहतो.